दादाच्या ट्रकची सीट

आत्याला वाकडं काही चालत नाही, हे गल्लीतल्या मांजरालासुद्धा माहीत होतं. भिंतीवरचं कॅलेंडर एका बाजूला झुकलेलं दिसलं, की पाहुणी म्हणून गेलेल्या घरातही ती उठून ते सरळ करायची. एकदा बँकेच्या रांगेत पुढच्या गृहस्थांची कॉलर दुमडलेली होती. ओळख ना पाळख, हिने मागून हात घालून ती नीट केली. ते बिचारे असे दचकले की रांग सोडून निघून गेले. नवरा सगळ्यांना सांगायचा, "आमचं लग्न झालं तेव्हा मी भांग डावीकडे पाडायचो. हिने तो मधोमध आणला. आता भांग पाडायला केसच उरले नाहीत, तेव्हा कुठे माझी सुटका झाली."

ती खरी आत्या एकाच मुलीची, पण सगळी गल्लीच तिला आत्या म्हणायची. घरच्या घरी शिवणकाम करायची. कपडे नाहीत हं. सोफ्याची कव्हरं, खुर्च्यांच्या गाद्या, पडदे, असलं सगळं. समोरच्या खोलीत खिडकीपाशी मशीन, आणि जुन्या दाराची फळी दोन लाकडी घोड्यांवर टाकून केलेलं कापायचं टेबल. त्या खोलीत बसायला जागा म्हणून एक सोफा होता. त्याच्यावर बसायचं, पण उठल्यावर उशा होत्या तशा लावायच्या, हा नियम होता. नाही लावल्या तर आत्या लावायची, आणि लावताना तोंडाने जे काही म्हणायची ते ऐकण्यापेक्षा आपणच लावलेल्या बऱ्या.

कामाची तिची एक पद्धत होती. जुनं कव्हर आलं की ते टाक्याटाक्याने उसवायचं, तुकडे सुटे करायचे, इस्त्री फिरवायची आणि त्यातली जी बाजू कमी झिजलेली असेल तेवढीच घ्यायची. मग नवं कापड दुहेरी घडी घालून त्यावर तो चांगला तुकडा ठेवायचा आणि दोन्ही बाजू एकदम कापायच्या. झिजलेल्या बाजूकडे ढुंकूनही बघायचं नाही. ती म्हणायची, "खुर्चीला दोन बाजू असतात आणि त्या सारख्या असतात. ज्याला सारख्या नको असतील त्याने खुशाल दगडावर बसावं."

तर अशा या बाईच्या दारात एके दिवशी सकाळी भाचीने ट्रकची सीट आणून उभी केली.

ट्रकची! आत्या चहाचा कप हातात धरून तशीच उभी राहिली. सीट म्हणजे काय, चांगला तीन माणसं बसतील असा लांबलचक बाक, आणि तेवढीच लांब पाठ. दोन्हींना ऑइलचा, धुळीचा आणि उंदरांचा असा काही वास, की शेजारीण खिडकीत आली आणि नाकाला पदर लावून तशीच आत पळाली. भाची आणि तिच्या गॅरेजमधला वेल्डर, दोघं मिळून ते धूड दारातून आत घालत होते. आडवं जाईना, उभं जाईना. शेवटी दाराचा पडदा दांडीसकट खाली आला आणि सीट आत आली.

"अगं, हे काय आणलंस!" आत्याला एवढंच बोलता आलं.

"बाबांची सीट," भाची म्हणाली. "आत्या, नाही म्हणू नकोस. बाहेर दिली तर हॉटेलातल्या सोफ्यासारखी करून देतील. मला ती जशी होती तशी हवीय."

बाबा म्हणजे आत्याचा थोरला भाऊ, दादा. दादाने उभी हयात एकच ट्रक चालवला, पुढे आलेल्या गोल नाकाचा, जुन्या घडणीचा. मालवाहतुकीची कंपनी बंद पडली, दादा घरी बसला आणि ट्रक एका गोदामामागे गवतात गंजत पडला. भाचीचं स्वतःचं गॅरेज होतं. वहिनी गेल्यावर दादा जो गप्प झाला तो झालाच, तेव्हा हिने कुठून तरी तो ट्रक शोधून काढला, ओढून आणला, आणि गॅरेजमधलं रोजचं काम आटोपलं की त्याच्या मागे लागायची. इंजिन उघडलं, पत्रे ठोकले, काचा बसवल्या, रंग दिला. दादा रोज येऊन स्टूलवर बसायचा आणि बघायचा. बोलायचा फक्त चूक दिसली तर.

पण त्याने पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगून ठेवली होती. "मी एकदा चालवून बघेन. जमली तर राहू दे. नाही जमली तर देऊन टाक, उगाच तुझी जागा अडायला नको." आणि घ्यायला माणूस टपलेलाच होता. जुन्या गाड्या जमवणारा एक हौशी आठवड्याआड येऊन ट्रकभोवती फेऱ्या मारून जायचा. भाचीला ट्रक द्यायचा नव्हता. त्या ट्रकच्या सीटवर ती लहानपणी झोपली होती, गाणी म्हटली होती, दात पाडला होता. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, तो स्टूलवर बसलेला गप्प म्हातारा पुन्हा पूर्वीसारखा तिला चाकामागे बघायचा होता.

"बाबांनी निरोप दिलाय," जाताजाता ती म्हणाली. "सीट आतून आहे तशीच ठेव म्हणाले. वरचं कापड तेवढं बदल."

"हो, हो. ड्रायव्हरने गाडी चालवावी, शिवण मला शिकवू नये," आत्या म्हणाली.

आता तुम्हीच सांगा, एवढा साधा निरोप. ऐकला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. पण आत्याने तो या कानाने ऐकला आणि त्या कानाने सोडून दिला.

दुपारी तिने सीट उसवायला घेतली. वरचं रेक्झिन तडकून पापडी झालेलं. ते काढताना दुमडीच्या आत, जिथे ऊन कधी पोचलंच नव्हतं, तिथे मूळचा रंग निघाला, गर्द हिरवा. आत्या खूश झाली. मग तिने ड्रायव्हरच्या बाजूचं कव्हर मागे ओढलं आणि तिचे डोळेच पांढरे झाले.

आत सगळा कचरा भरलेला! तो कडेचा भाग डावीकडे चांगला वीतभर उंच, आणि उजवीकडे खोल. आणि त्या उंचवट्यात काय नव्हतं? पोत्याचे तुकडे, ट्यूबचं रबर, नमद्याच्या जाड कापडाच्या पट्ट्या, लोकरीच्या जुन्या स्वेटरची घडी. आणि हे सगळं दाभणाने, जाड सुतळीने, एकेक टाका बोटभर लांब घालून, वेडंवाकडं कसंतरी जखडून टाकलेलं. पाठीलाही तेच. डाव्या अंगाला एक फुगीर गाठोडं.

"अहो, इकडे या! हे बघा! हे कुणी केलंय? कुठल्या गाढवाचं काम हे?"

नवरा आला, चष्मा वर करून बघू लागला. "दोन्हीकडे वेगळं का गं आहे?"

"बसून बसून दबलं असेल, मग कुणीतरी काहीबाही कोंबलं. टाके बघा! अहो, टाके आहेत की कुंपण? आंधळ्याने अंधारात घातले असते तर यापेक्षा बरे आले असते."

"पण दादा म्हणाला होता ना, आतलं तसंच..."

"तुम्ही गप्प बसा आणि तो पंखा बंद करा, भुसा उडतोय."

तिने कात्रीने ती सुतळी कचाकच तोडली. कोंबलेलं सगळं ओढून काढलं, पिशव्यांत भरलं आणि संध्याकाळी कचऱ्याच्या गाडीत देऊन टाकलं. हात साबणाने दोनदा धुतले. मग आपल्या नेहमीच्या पद्धतीने बाकाची दुसरी बाजू घेतली, जिथे दादाच्या शेजारी बसणारी माणसं बसायची. ती बाजू कशी छान, चौकोनी, जेमतेम झिजलेली. तीच घडी घालून कापली. म्हणजे दादाची बाजू त्या दुसऱ्या बाजूवरून निघाली. बाईच्या हिशेबाने त्यात वावगं काहीच नव्हतं.

काम मात्र तिने जीव ओतून केलं, हे कबूल करायलाच हवं. हिरवं रेक्झिन मिळवायला ती चार दुकानं हिंडली. रेक्झिनला टाचणी लावायची नसते, भोक पडलं की ते जन्माचं. म्हणून तिने घरातले सगळे कपड्यांचे चिमटे शिवणीला लावले आणि नवऱ्याचे ओले कपडे दोरीवरून वाऱ्याने उडून खालच्या अंगणात गेले. मशीनच्या पायाला रेक्झिन चिकटायचं, तर ती त्याच्यावर पावडर मारायची, त्यामुळे ती स्वतः, मशीन, खोली, सगळं पांढरंफटक. टाका लांब ठेवायचा, बारीक घातला तर रेक्झिन त्याच रेषेवर फाटतं. कडेला पाइपिंग, म्हणजे आत दोरी घालून शिवलेली गोल पट्टी. वर उभ्या पट्ट्या, सगळ्या एका रुंदीच्या. उन्हात ठेवून रेक्झिन मऊ करायचं आणि गरम असतानाच ओढून चौकटीवर बसवायचं. तिला आणि नवऱ्याला दोघांना मिळून ते ओढावं लागलं. तो एका टोकाला पाय देऊन ओढत होता आणि म्हणत होता, "या वयात माझी रस्सीखेच लावलीस."

झाली मात्र अशी, की बघत राहावं. आत नवा फोम, वर हिरव्यागार पट्ट्या, आणि डावं-उजवं असं, की मधोमध आरसा ठेवला तरी फरक कळू नये.

ती बसवली त्या दिवशी गॅरेजमध्ये सगळे जमले. वेल्डर, रंगारी, समोरचा टायरवाला. भाचीने ट्रकचं दार उघडलं आणि हिरवी सीट झळकली तशी टायरवाल्याने शिट्टीच घातली. आत्या एका बाजूला उभी होती, पदराने घाम पुसायचं निमित्त करून कौतुक ऐकत होती.

दादा पुढे आला. त्याने पायरीवर पाय ठेवण्याआधी सीटच्या कडेवरून हात फिरवला. डाव्या बाजूला तळवा दाबला. परत दाबला. आणि एकदाच वळून आत्याकडे बघितलं. आत्याला वाटलं, भारावलाय.

तो चढला, बसला. किल्ली फिरवली. इंजिन खोकलं आणि धडधडायला लागलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ट्रक हलला. गॅरेजच्या दारापर्यंत आला. दाराबाहेर जरा चढ होता. तिथे गाडीने एक हिसका दिला, दुसरा दिला आणि ती बंद पडली. दादाने परत चालू केली. परत हिसका, परत बंद.

दादा चाक धरून बसून राहिला. भाची धावत गेली. "बाबा? बाबा, काय झालं?"

त्याचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता. घाम नाकावरून टपटपत होता. तो खाली उतरला तो नेहमीसारखा नाही. दाराला लोंबकळत, आधी एक पाय, मग कितीतरी वेळाने दुसरा. जमिनीवर उभा राहिल्यावर तो आत्याकडे बघून म्हणाला, "सीट झकास झालीय गं. माझाच पाय आता क्लचवर ऐकत नाही. वय झालं." आणि भाचीला म्हणाला, "त्या हौशी माणसाला फोन कर. देऊन टाक."

ज्या माणसाने आयुष्यभर डोंगर चढवले, त्याला दाराबाहेरचा उंबऱ्याएवढा चढ जमू नये? टायरवाला खाली बघत निघून गेला. भाचीने तोंड फिरवलं. आत्या घरी निघाली. नवऱ्याने काहीतरी गमतीचं बोलून बघितलं, पण तिचं लक्षच नव्हतं. दादा म्हातारा झाला, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. कधी झाला? परवापर्यंत तर ठणठणीत होता.

दुसऱ्या दिवशी दादा स्वतःच तिच्या घरी आला. बहिणीला वाईट वाटलं असेल म्हणून तिचीच समजूत घालायला! या माणसाचं असंच होतं. आला, सोफ्यावर बसला, "चहा टाक" म्हणाला, आणि बसता बसता कडेची उशी ओढून डाव्या मांडीखाली सारली.

"हौशी माणूस शनिवारी येतोय," तो म्हणाला. "चांगला आहे. शेडमध्ये ठेवणार आहे गाडी. पाऊस लागायचा नाही."

आत्याला रडू येत होतं, आणि रडू यायला लागलं की ती काहीतरी आवरायला घ्यायची. तिने मशीनवरचे दोरे लावले. गालिच्याची कड सरळ केली. मग तिचं लक्ष त्या उशीकडे गेलं. दादा उशीवर तिरका बसला होता आणि उशी अर्धी बाहेर डोकावत होती.

"दादा, नीट बस की रे, ती उशी कशी चुरगळलीय बघ," म्हणत तिने सवयीने उशीचं टोक धरलं आणि खस्सकन ओढून काढली.

दादा ओरडला.

ओरडला म्हणजे काय, सांगता येणार नाही. आत्याने त्याला जन्मात कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. लहानपणी बोट दारात सापडलं तेव्हाही याने हूं की चूं केलं नव्हतं. आणि आता डोळे मिटून, सोफ्याच्या दांडीला दोन्ही हातांनी धरून, तोंडातून असा आवाज, की आतून नवरा हातात दाढीचा ब्रश घेऊन धावत आला. आत्याच्या हातात उशी तशीच.

कळ ओसरल्यावर दादा म्हणाला, "दे ती इकडे."

तिने दिली. त्याने ती परत डाव्या मांडीखाली सारली, हळूहळू टेकला, आणि श्वास सोडला.

"दादा," आत्या म्हणाली. "हे काय आहे? कधीपासून आहे?"

"काही नाही गं. जुनं आहे."

"किती जुनं?"

"सोड ना."

"दादा, तुला माझी शपथ आहे."

तो आत्याच्या नवऱ्याकडे बघू लागला. नवरा अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून दारात उभा. तोही हलेना. मग दादाने सांगितलं, खिडकीबाहेर बघत, दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तसं. मालावरची ताडपत्री बांधताना तो ट्रकच्या वरून खाली पडला होता. कंबरेचं हाड डाव्या बाजूला मोडलं. परगावच्या गोदामातल्या पोत्यांवर तो पडून राहिला, कंपनीला कळवलं की गाडीत बिघाड आहे. कारण कंपनीला कळलं असतं तर ट्रकवरून कायमचा उतरवला असता. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. सपाट जागी बसलं की डावा पाय आधी पेटतो आणि मग मेल्यासारखा बधिर होतो.

"कधी?" आत्याने विचारलं.

दादाने सांगितलं. आत्याला पहिलं मूल झालं ती वेळ. भाऊ बाळाला बघायला आला नाही, म्हणून तिने केवढं आकांडतांडव केलं होतं! सासरच्या माणसांसमोर मान खाली गेली म्हणून कितीतरी दिवस अबोला धरला होता. आणि हा तेव्हा मोडक्या हाडाने पोत्यांवर पडला होता, आणि नंतर येऊन गुपचूप तिच्या शिव्या खाऊन गेला होता. पण तिला खरा धक्का पुढेच बसायचा होता.

"घरात कुणाला माहीत होतं?"

"तुझ्या वहिनीला. तिनेच तर सीट करून दिली होती."

आत्याला कळेना. "वहिनीने? वहिनीला सुई धरता येत नव्हती!"

"येतच नव्हती," दादा म्हणाला, आणि त्याला जरा हसू आलं. "दाभण घेऊन बसली होती, सगळी बोटं भोसकून घेतली. मी बसायचो, ती म्हणायची कुठे, मी म्हणायचो इथे, की ती कोंबायची. काय हाताला लागेल ते. स्वतःचा स्वेटर घातला तिने त्यात, लोकरीचा, चांगला होता. पण जमलं बघ. त्याच्यावर बसून मी पुढे सगळी वर्षं गाडी चालवली."

कुंपणासारखे टाके. कुठल्या गाढवाचं काम. आत्याला आपलेच शब्द आठवले आणि तिने तोंडावर हात दाबला. वहिनीच्या हातचं, वहिनीच्या रक्ताचं, तेवढं एकच शिवण जगात होतं. आणि ते तिने स्वतःच्या हाताने कचऱ्याच्या गाडीत घातलं होतं. वर हात धुतले होते.

"अरे, मग माझ्याकडे का नाही आणलीस?" ती रडत ओरडली. "मी तुझी बहीण, मी हेच काम करते, मला नाही सांगायचं?"

"तुझ्याकडे आणली असती," दादा शांतपणे म्हणाला, "तर तू सरळ केली असतीस."

नवरा गालावरचा वाळलेला फेस तसाच घेऊन आत गेला. आत्या जमिनीवर बसून रडली, मोठ्याने, लाज न बाळगता. दादा तिच्या डोक्यावर हात ठेवून "अगं होतं गं, होतं" म्हणत राहिला, म्हणजे पुन्हा तोच समजूत घालतोय. मग ती उठली. डोळे पुसले. टेबलावरची मोठी कात्री घेतली, फोमचे तुकडे आणि नमदा पिशवीत भरला.

"चल," ती म्हणाली.

"कुठे?"

"गॅरेजवर."

"पोरीला यातलं काही सांगू नकोस हं. ती उगाच..."

"मी नाही सांगणार. तूच सांगणार आहेस."

गॅरेजमध्ये भाची ट्रकचे आरसे पुसत होती, नव्या घरी पाठवायच्या आधी पुसतात तसे. आत्या सरळ ट्रकमध्ये चढली आणि तिने त्या नव्या हिरव्या सीटमध्ये कात्री खुपसली. ड्रायव्हरच्या बाजूने पाइपिंगसकट पट्ट्या टराटरा कापत गेली. भाची किंचाळली. वेल्डर धावत आला आणि हातातली पक्कड विसरून बघत उभा राहिला. आत्याने! स्वतःच्या हातचं, एका रेषेतलं काम! बाईच्या डोक्यावर परिणाम झाला असंच सगळ्यांना वाटलं.

"बस, दादा," फोम उघडा पडल्यावर ती खाली उतरून म्हणाली.

"अगं पण..."

"बस म्हणते ना."

तो चढला. बसला. आणि सपाट फोमवर टेकल्याबरोबर त्याचा पाय आखडला, तो भाचीनेही बघितला.

"कुठे दुखतं?" आत्याने विचारलं.

दादा पाय चोळत राहिला.

"कुठे दुखतं ते सांग, त्याशिवाय मला शिवता येणार नाही. इथे?"

"नाही."

"इथे?"

दादाने लेकीकडे बघितलं. तिच्या हातातलं फडकं खाली पडलं होतं. त्याने मान वळवली, चाकाकडे बघितलं, आणि खालच्या आवाजात म्हणाला, "इथे." त्याने आत्याचा हात धरून हाडावर ठेवला. तिच्या बोटांना ते कापडातूनही लागलं, बाहेर आलेलं, तिरकं. तिने हात काढून घेतला नाही. "बाबा, हे काय?" भाची म्हणाली. आणि मग त्याने तिला सांगितलं. ताडपत्री, पोती, आईचा स्वेटर, सगळं. आत्या नमद्याची एकेक पट्टी सरकवत होती.

"बरं वाटतंय?"

"थोडं."

"अजून घालू?"

"अजून."

तिने फोमचा तुकडा घातला. "आता?"

"अजून."

आत्याला वाटलं होतं एक पट्टी, दोन पट्ट्या. पण पिशवी संपत आली तरी तो अजूनच म्हणत होता. एवढं! एवढं वाकडं घेऊन हा माणूस तिच्या घरात, लग्नांच्या पंगतीत, दवाखान्यांच्या बाकांवर, सपाट लाकडावर बसला होता, आणि कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. भाचीने आपलं जाकीट काढून घडी करून दिलं. ते घातलं. पाठीमागे नमद्याची गुंडाळी सारली. सुतळीने सगळं चौकटीला आवळलं, टाके आले तसे, बोटबोट लांब.

"आता?"

आत्याने वर बघितलं आणि सुतळी तिच्या हातातच राहिली.

दादाच्या कपाळाला एक खोल आठी असायची, दोन भुवयांच्या मधे. माणूस चिडका नव्हता, पण दिसायचा चिडका. मुलं बिचकायची त्याला. आत्याला वाटायचं, वडिलांवर गेलाय, चेहऱ्याची ठेवणच तशी आहे. ती आठी गेली होती. भुवया सुटल्या होत्या, जबडा सैल पडला होता, आणि तिथे तिच्या तरुणपणीचा भाऊ बसला होता, सायकलवर तिला पुढे बसवून शाळेत सोडणारा. इतकी वर्षं ती ज्याला दादाचा चेहरा समजत होती, ते दादाचं दुखणं होतं.

भाची तर त्या अपघातानंतर जन्मलेली. तिने हा चेहरा कधी बघितलाच नव्हता. ती जवळ आली, टक लावून बघत राहिली आणि घाबरल्यासारखी म्हणाली, "बाबा, तुम्ही हसताय का?"

"नाही गं," दादा म्हणाला. "नुसता बसलोय. किल्ली दे."